सुनांच्याच वाट्या लाल का?

वाटीतलं वरण लाल झालं, तशी कलकत्त्याच्या बागबाजारातल्या त्या लांबलचक दिवाणखान्यात बसलेली सारी माणसं माना उंचावून बघू लागली.

साधं तुरीच्या डाळीचं वरण होतं ते, पिवळंधमक, महाराजांच्या नियमाप्रमाणे आंबट काही न घातलेलं. महाराजांनी चांदीच्या झारीतून त्यावर पळीभर पाणी सोडलं. पाणी नितळ होतं. घाटावरून त्यांच्या शिष्यानं सगळ्यांदेखत भरून आणलेलं, शंखभस्म घालून देवापुढं ठेवलेलं, गंगेचं. ते पडलं तिथं आधी एक डाग उमटला, मग तो पसरला, आणि बघता बघता वाटीत कुणी रक्त ओतल्यासारखं झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले. मागे कुणीतरी हात जोडून डोळे मिटून घेतले.

"कुणाच्या हातचं?" महाराजांनी विचारलं. आवाज हळू, आजाऱ्याच्या उशाशी बोलावा तसा.

"मुलीच्या आईच्या," कालिंदीबाई म्हणाल्या. मुलगी म्हणजे त्यांची आठ वर्षांची नात लीना, आणि मुलीची आई म्हणजे त्यांची सून सुचित्रा. ती त्यांच्या शेजारीच लीनाला मांडीवर घेऊन बसली होती.

दुसरी वाटी कालिंदीबाईंनी स्वतः केलेल्या तांदळाच्या खिरीची. तिच्यावर पाणी पडलं आणि काहीच झालं नाही. खीर पांढरी ती पांढरीच.

अन्नब्रह्म महाराजांनी मान हलवली. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं; कुठल्या नदीकाठी किती तप केलं त्याची हकिकत शिष्य दर बैठकीला सांगे, आणि दर बैठकीला नदी थोडी उत्तरेला सरके. महाराज म्हणाले, "अन्न बोलतं, माई. आपण बहिरे आहोत. तुमच्या डॉक्टरांकडे माणसाचं रक्त तपासायला यंत्रं आहेत. अन्नातलं रक्त तपासायला आहे एखादं? नाही. ते इथं दिसतं. या मुलीच्या पोटात कळ उठते, कारण तिला घास भरवणाऱ्या हातात दोष आहे. हात वाईट नसतो. हातात येऊन बसलेलं वाईट असतं."

लोकांनी माना डोलावल्या. एवढं दयाळू बोलणं, आणि एका आईला तिच्या लेकीच्या ताटापासून उठवून देणारं.

त्याच्या आधीच्या बैठकीत शकुनची आमटी अशीच लाल झाली होती. शकुन म्हणजे बदली होऊन आलेल्या एका बँक अधिकाऱ्याची बायको, लग्नाला अजून दोन दिवाळ्याही न झालेली. नवऱ्याला जेवण झालं की संडासाला धावावं लागे. वाटी लाल झाली आणि आठवडा उलटायच्या आत सासूनं शकुनला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं, माहेरी. हात शुद्ध होईपर्यंत, म्हणे.

सुचित्रा नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकलेली. ही लबाडी आहे हे तिला बसल्या जागी कळत होतं. कशी आहे ते कळत नव्हतं. कशी ते सांगता येत नसेल, तर शंभर माणसांच्या खोलीत आपलं शहाणपण कुणाच्या कामाचं? आणि खरं सांगायचं, तर त्या लाल वाटीकडे बघताना एक क्षण असा आला, की तिनं स्वतःचे तळहात उलटे करून पाहिले. लीनानं ते पाहिलं आणि ती आईच्या मांडीवरून हळूच उठून आजीजवळ जाऊन बसली.

तो क्षण सुचित्रा पुढं कधी विसरली नाही, आणि त्या माणसाला तिनं कधी माफ केलं नाही.

लीनाचं दुखणं जुनं होतं. शाळेत दुसरा-तिसरा तास झाला की पोटात मुरडा येई, पोट फुगे, बेंबीशी हात धरून ती वाकून बसे, आणि मग पळत जावं लागे. मधल्या सुट्टीच्या सुमाराला हे होई, म्हणून सगळ्यांचा राग डब्यावर. डबा सुचित्रा भरायची. पोळी-भाजी दिली, पराठा दिला, मुरमुऱ्याचा चिवडा दिला. काही फरक नाही. कालिंदीबाई म्हणत, पोरगी अशक्त झाली आहे, तिला दूध वाढवा. सकाळी पेलाभर होतं ते दीड पेला झालं, वर साय.

कलकत्त्यात पोटाच्या तक्रारीला सल्ल्याची वानवा नाही. इथं कुणाला 'कसे आहात' विचारावं, तर उत्तर पोटापासून सुरू होतं. खालच्या मजल्यावरच्या बोउदीनं, म्हणजे बंगाली वहिनीनं, ओव्याचा अर्क दिला, समोरच्यांनी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या, कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं न विचारता हिरवी बाटली दिली. शेवटी श्यामकांत, म्हणजे सुचित्राचा नवरा, मायलेकींना डॉक्टर मजुमदारांकडे घेऊन गेला. श्यामकांत खिदिरपूरला गोदीवर कस्टममध्ये होता. परदेशी पेट्यांचे चोरकप्पे उघडायचं त्याचं काम. घरात मात्र कुठलाही कप्पा बंद असला तर त्याला तो बंदच बरा वाटे.

डॉक्टर मजुमदारांनी सगळं तपासून घेतलं. जंत नाहीत, क्षय नाही, आतड्याला जखम नाही. मग चष्मा काढून त्यांनी बंगाली वळणाच्या हिंदीत समजावलं, की हे आतडं चिडकं आहे. चिडका माणूस कशानं भडकतो हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असतं ना? तसं हे घरच्यांनीच शोधायचं. एका वेळी एकच पदार्थ बंद करा. काही दिवस बघा. मग तोच परत द्या, परत बघा. कुणाला गहू सोसत नाही, कुणाला दूध, कुणाला कांदा. कुणाचं काय, ते पोट बघून मला सांगता येत नाही. आणि मुलीसमोर घाबरू नका. भीतीनं हे आतडं आणखी आवळतं.

जिना उतरताना श्यामकांत म्हणाला, "फी त्यांनी घेतली आणि काम आपल्याला लावलं." औषध न लिहून देणारा डॉक्टर घरात कुणालाच पटला नाही. कालिंदीबाईंना तर तो अपमानच वाटला. दोन दिवस सुचित्रानं डब्यात गव्हाचं काही दिलं नाही, तिसऱ्या दिवशी आजीनं नातीला शिरा केला, आणि ते तिथंच राहिलं. मग सरलाकाकूंचा निरोप आला, की आमच्याकडे एक महाराज उतरले आहेत आणि ते अन्नाला बोलतं करतात.

सरलाकाकूंचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी बागबाजारात येऊन राहिलेलं. काकू मराठी बोलत ते बंगाली हेल काढून, पण गणपतीला साऱ्या मराठी घरांना जेवायला बोलावण्याचा मान त्यांचाच. त्यांच्या घरी महाराज उतरले म्हणजे निम्मा विश्वास दारातच बसला.

त्या बैठकीपासून सुचित्राच्या घरचं ताट बदललं. महाराजांची आज्ञा अशी, की मुलीनं फक्त आजीच्या हातचं, पांढरं खावं. दूध, खीर, साबुदाणा, दूधभात. आईनं वाढू नये, भरवू नये, डबा भरू नये. सुचित्रा वाद घालायला उभी राहिली, तेव्हा कालिंदीबाई रडल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पोरगी वाळत चालली होती आणि त्या म्हाताऱ्या जिवाला काहीतरी करायचं होतं.

"थोडे दिवस आईचं मन राहू दे," श्यामकांत म्हणाला.

थोडे दिवस राहिलं. लीना आणखी वाळली. आता कळ नुसती शाळेतच नव्हे, घरीही येऊ लागली. संध्याकाळी खीर खाल्ली की पलंगावर मुटकुळं करून पडायची. कालिंदीबाई धावत महाराजांकडे गेल्या. महाराज प्रसन्न झाले. म्हणाले, विष बाहेर पडतंय, माई. बाहेर पडताना ते ओरडणारच.

पोरगी बरी झाली तर महाराजांचा प्रताप, बिघडली तरी महाराजांचाच प्रताप. असं दुकान सुचित्रानं आजवर पाहिलं नव्हतं, जिथं माल खोटा निघाला की गिऱ्हाईक आभार मानतं.

पुढची आज्ञा आली ती त्याहून वाईट. विष अडून बसलं आहे, कारण आईची सावली घरात आहे. समाप्तीची, म्हणजे महाराजांच्या या मुक्कामातली शेवटची, बैठक झाली, की आजीनं मुलीला घेऊन नागपूरच्या घरी जावं आणि वर्षभर तिथंच ठेवावं. श्यामकांतनं तिकिटं काढली. सुचित्रानं विचारलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, हवापालट होईल. त्या रात्री वीज गेली होती. अंधारात लीना आजीच्या अंथरुणातून उठून आईजवळ आली, पण हात लावायच्या अंतरावर थांबली.

"आई, तुझ्या हातात खरंच विष आहे?"

सुचित्रानं तिला ओढून घेतलं. उत्तर तिला सुचलं नाही. 'नाही' म्हणाली असती, तर पोरीनं ती लाल वाटी डोळ्यांनी पाहिली होती.

उत्तर सापडलं ते मोरीत. स्वयंपाक करताना पदराला पुसलेल्या हळदीच्या बोटांचा डाग होता. सुचित्रा राग राग करीत साबणाची वडी त्यावर घाशीत होती, आणि पिवळा डाग लालभडक झाला. तिनं हात थांबवला. यात नवल काहीच नव्हतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तिनं परकर नेसायच्या वयापासून पाहिलं होतं. हरेक मराठी बाईनं पाहिलेलं असतं. बघून बघून ते दिसेनासं झालेलं असतं, एवढंच.

आणि मग एकामागून एक सगळं आठवायला लागलं. लग्नात नवरानवरीवरून ओवाळून टाकायला तांबडं पाणी करतात, ते कशाचं? हळदीच्या पाण्यात चुना कालवला की ते रक्तासारखं लाल होतं. लीनाच्या बारशाला ते परातीत स्वतः कालिंदीबाईंनीच केलं होतं, दृष्ट काढायला. ज्या बायकांनी प्रत्येक शुभकार्यात आपल्या हातानं तांबडं पाणी केलं, त्याच बायका तेच पाणी वाटीत पाहून तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. परातीत ते मंगल होतं. वाटीत ते सुनेचं पाप झालं.

ती तशीच ओल्या पदरानं कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेली आणि बोटभर चुना मागून आणला. पेल्यात पाण्यात कालवून ठेवला. गढूळपणा खाली बसला, वर राहिली निवळी, गंगेच्या पाण्याइतकी स्वच्छ. सकाळच्या वरणावर तिनं ती सोडली. वरण लाल झालं.

महाराजांची झारी तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. पाणी सगळ्यांदेखत गंगेचं, हे खरं. पण भरल्यावर शिष्य त्यात 'शंखभस्म' टाकी आणि रात्रभर देवापुढं ठेवी. भाजलेल्या शिंपल्या-शंखांचं भस्म म्हणजे चुनाच. या मुलखात पानाला लावतात तो त्यातलाच. आणि महाराजांचा तो नियम, जो ऐकून सगळ्या भक्तिभावानं माना डोलवत होत्या: वाटीतल्या अन्नात आंबट घालू नका, आंबटानं अन्नाची वाचा बसते. सुचित्रानं लाल वरणावर लिंबू पिळलं. वरण पुन्हा पिवळं झालं. वाचा बसली.

मग तिला घरातली वाटणी दिसली, जिच्यावर तो माणूस जगत होता. प्रत्येक घरात देवाचं, नैवेद्याचं, उपासाचं सासू बघते. दूध, खीर, साबुदाणा, सगळं पांढरं. रोजचा स्वयंपाक, फोडणी, आमटी, भाजी सुनेकडे, आणि फोडणीत हळद. महाराजांना कुणाचं नाव कळायची गरजच नव्हती. पांढरं सासूचं, पिवळं सुनेचं. झारी कुठंही ओता, लाल होणार ती सूनच. आणि दक्षिणा देणारा हात सासूचा.

तिला इतका राग आला की तिनं पेला दाणकन खाली ठेवला.

श्यामकांत घरी आल्यावर तिनं त्याला वाटीत सगळं करून दाखवलं. त्यानं वाटी दिव्याजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाला, "बरं, चुना. पण लीनाचं दुखणं तर खरं आहे ना? आईला हे दाखवलंस तर ती काय म्हणेल माहीत आहे? म्हणेल, सुनेला पोरीच्या जिवापेक्षा स्वतःचा मान मोठा. तुझ्या चुन्यानं लाल झालं म्हणजे महाराजांचं चुन्यानंच झालं, असं थोडंच आहे?"

बोलणं भेकडाचं होतं, पण शेवटचं वाक्य वकिलाचं होतं. स्वयंपाकघरात दाखवून चालणार नव्हतं. ज्या झारीनं तिला दोषी ठरवलं, तीच झारी उलटी बोलायला हवी होती, आणि तीही कालिंदीबाईंच्या डोळ्यांदेखत.

समाप्तीच्या दिवशी दुपारी महाप्रसाद होता. महाराजांच्या शिष्यांनी स्वतः शिजवलेली मुगाची खिचडी, महाराजांनी हात लावून मंत्रलेली, तुपानं न्हालेली. आणि हळदीनं पिवळी. पंगती उठल्यावर सुचित्रानं सरलाकाकूंना म्हटलं, थोडी घरी न्यायला द्याल का. काकूंनी आपल्या हातानं पातेल्यातून काढून वाटीत भरून दिली.

संध्याकाळी दिवाणखाना फुलला होता. वाट्या लागल्या. दोन घरं झाली. दोन पांढऱ्या राहिल्या, दोन लाल झाल्या. ज्या दोघी खाली मान घालून रडत होत्या, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मग शिष्यानं कालिंदीबाईंचं नाव घेतलं. समाप्तीला एकदा शेवटचं बघायचं होतं, दोष किती उरला ते. सुचित्रानं वाटी पुढं केली आणि फडकं काढलं.

महाराजांनी पाणी सोडलं. खिचडी लाल झाली, वरणाहूनही लाल.

महाराजांनी डोळे मिटले. बराच वेळ बोलत होते. हे अन्न नव्हे, म्हणाले, हे रक्तमांस आहे. ज्या चुलीवर हे शिजलं तिथं लक्ष्मी पाऊल ठेवणार नाही. ज्या हातानं हे ढवळलं त्या हातानं या जन्मी कुणाला घास भरवू नये. सुचित्रानं त्यांना एका शब्दानंही अडवलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, तेव्हा ती उभी होती.

"महाराज, ही तुमची खिचडी आहे," ती म्हणाली. "दुपारच्या प्रसादाची. तुमच्या शिष्यांनी शिजवली आणि तुम्ही मंत्रलीत. आता सांगा, दोष कुणाच्या हातात आहे?"

खोलीत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

महाराज कच्चे नव्हते. म्हणाले, "तुझ्या स्पर्शानं बाटली, पोरी. प्रसादसुद्धा नासला. एवढा तुझा दोष."

"मी तिला हातही लावला नाही. काकूंनी वाटी भरून दिली. काकू, खरं ना?"

सरलाकाकू गोंधळल्या, पण खोटं बोलायची सवय त्यांना नव्हती. "हो गं, मीच दिली की," त्या म्हणाल्या. "पातेलं अजून आत आहे."

शिष्य झारी उचलून आत न्यायला निघाला. तेवढ्यात कालिंदीबाई उठल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, महाराजांकडेही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेल्यातली खिचडी एका स्वच्छ वाटीत घालून घेऊन आल्या. वाटी त्यांनी महाराजांपुढं ठेवली.

"माझा हात शुद्ध आहे, असं तुम्हीच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता हिच्यावर पाणी घाला."

"झारीतली शक्ती संपली, माई. समाप्ती झाली."

"मग नुसतं पाणी आहे ना? मीच घालते."

शिष्याच्या हातातून त्यांनी झारी घेतली. साठीच्या, कधी कुणाला उलट न बोललेल्या बाईनं एका गोसाव्याच्या चेल्याच्या हातातून झारी ओढून घ्यावी, हे त्या दिवाणखान्यात कुणाच्या कल्पनेतही नव्हतं; म्हणून कुणी आडवं आलं नाही. पाणी पडलं. वाटी लाल झाली.

कालिंदीबाईंनी ती वाटी उचलून डोळ्यांजवळ धरली. मग, जसं काही फार लांबून आठवत आहे अशा आवाजात, म्हणाल्या, "हे तर बारशाचं तांबडं पाणी."

सुचित्रानं पिशवीतून लिंबू काढलं. चुना काय, हळद काय, शंखभस्म काय, आंबटाचा नियम कशासाठी, हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि लिंबू वाटीवर पिळलं. लाल खिचडी पिवळी झाली. मघाशी रडणाऱ्या दोघींपैकी एकीनं आपली वाटी पुढं ओढली आणि म्हणाली, माझ्यावरही पिळा. तिच्या सासूनं तिचा हात धरला नाही.

महाराज त्याच रात्री हावड्याला गेले. कुठल्या गाडीनं, ते त्यांनी यजमानांनाही सांगितलं नाही. जमलेल्यांतले काही जण जाताना असंही म्हणत होते, की आजकालच्या बायकांनी सिद्धपुरुषालाही राहू दिलं नाही.

ट्रामनं घरी आल्यावर लीनाला निजवून कालिंदीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्यानं मला फसवलं, ते समजलं मला," त्या म्हणाल्या. "पण मग तिला लागतं काय, सुचित्रा?"

इतक्या महिन्यांत त्या घरात विचारला गेलेला हा पहिला खरा प्रश्न होता. याच प्रश्नापाशी डॉक्टर मजुमदार थांबले होते, आणि तिथून पुढचं काम नको म्हणून सगळे बागबाजारला पळाले होते. श्यामकांतनं कुणी न सांगता तिकिटं परत केली.

आता डॉक्टरांचं ऐकलं गेलं, आणि दोघींनी मिळून ऐकलं. आधी गहू बंद केला, कळ तशीच. गहू परत सुरू केला. मग हरभऱ्याची डाळ आणि बेसन बंद केलं, कळ तशीच. कंटाळवाणं काम होतं ते. झारी नाही, धूप नाही, आणि उत्तर एका संध्याकाळी मिळत नाही. मग सुचित्रानं दूध बंद करायचं म्हटलं. कालिंदीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळचा पेला बंद झाला, खीर बंद झाली.

पहिले दोन दिवस काही कळलं नाही. नंतर एक दिवस लीना शाळेतून आली आणि दप्तर टाकून अंगणात खेळायला पळाली. कुणी काही बोललं नाही. बोललं तर दृष्ट लागेल अशी भीती आजीला अजून वाटत होती, आणि सुचित्रालाही, कॉलेजात शिकूनसुद्धा. आठवडा असाच गेला. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एका सकाळी पुन्हा पेलाभर दूध दिलं. मधल्या सुट्टीच्या आधीच शाळेतून निरोप आला, मुलीला घेऊन जा.

सकाळी दूध घेतल्यावर पोट दुखायला लागेतो तास-दोन तास जात, तोवर डबा उघडायची वेळ होई. एवढंच होतं. दही मात्र तिला चाले. दही-भात खाऊन ती मजेत हिंडे. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांचं. दूध वाईट नाही. हिच्या पोटाला सोसत नाही. घाबरवणं थांबलं, त्यानंही फरक पडला असणार.

कालिंदीबाई हातातला रिकामा पेला पुसत बसल्या होत्या. "म्हणजे मीच पाजत होते तिला," त्या म्हणाल्या. "रोज. साय घालून."

सूड उगवायला याहून चांगली वेळ सुचित्राला मिळाली नसती. वाटी लाल झाली तेव्हाचे साऱ्यांचे चेहरे तिला आठवत होते, आजीकडे सरकून बसलेली लीना आठवत होती. शब्द ओठांवर आले होतेच. तिनं ते गिळले, कारण तसं बोलली असती तर त्या माणसाचं म्हणणंच खरं ठरलं असतं.

"हातात काही नव्हतं, आई," ती म्हणाली. "ना तुमच्या, ना माझ्या. दुधात होतं."

त्यानंतर कालिंदीबाई स्वतः हळद आणि चुना पुडीत बांधून घरोघर गेल्या. शकुनच्या सासूकडेही गेल्या. तिथं त्यांनी वाटीत लाल करून दाखवलं, लिंबू पिळून पिवळं करून दाखवलं. शकुनच्या सासूनं चहा दिला, सगळं बघितलं, आणि म्हणाली, असेल हो, पण एकदा मनात आलं ते आलं. शकुनचा नवरा अजून जेवणानंतर धावतो. त्याचं नेमकं काय बिघडतं हे शोधायची तसदी त्या घरानं घेतली नाही. शकुन अजून अकोल्याला आहे.

लबाडी उघडी पडली म्हणजे तिनं केलेलं नुकसान भरून येतं, असं नाही. म्हणून ती आधीच ओळखायची असते.

तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या आळीत उद्या कुणी झारी घेऊन आला, तर मंत्र ऐकण्याआधी त्याचे नियम ऐका; लबाडाच्या प्रत्येक नियमामागं त्याची सोय असते. दुखणाऱ्या पोटाला प्रश्न विचारायचे असतील तर पोटालाच विचारा, एका वेळी एक, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. आणि वाटी लाल झाली, तर आधी हळदीकडे बघा. सुनेकडे नंतर बघा, आणि तेव्हा मान खाली घालून बघा.